बारस सोडायला चला

पहाटे ५.१०

मार्गशीर्ष संपत आलाय. भोकरदनच्या जुन्या गावात अजून एकही दार उघडलेलं नाही, पण मावशींच्या शेडातून धूर निघतोय. काल सफला एकादशी झाली, आज बारस. मावशींकडं आज चौदा पानं आहेत. बारा पाहुणे, त्या स्वतः आणि हाताखाली येणारी शेजारची सून. माझं पंधरावं.

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचं शेड. शेडात चूल. घरात गॅस आहे, पण एवढ्या माणसांचा स्वयंपाक त्यावर केला तर टाकी महिना काढत नाही. म्हणून पऱ्हाट्या. गेल्या उन्हाळ्यात भावाच्या शेतातून आणलेला ढीग आता तळाला आलाय. पऱ्हाटी झटक्यात पेटते आणि झटक्यात बसते. सारखी आत सारावी लागते. त्यामुळं मावशी चुलीपुढून हलत नाहीत. डाळ तिथंच धुतात, वांगी तिथंच चिरतात. मध्येच फुंकणीनं दोन फुंकरा मारतात.

त्यांचं वय सहासष्ट. तीसेक वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. शिकवायचं काम सेविकेचं. मदतनीस घरोघर फिरून पोरं गोळा करते, झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते, नाकं पुसते. ही योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून मदतनीसचं काम फारसं बदललेलं नाही. पोरं त्यांना मावशी म्हणायची. आता ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याही मावशीच म्हणतात.

सकाळी ६.३०

भाकरी. तीन किलो ज्वारीचं पीठ, पंचवीस भाकरी. पाणी आधण आलेलं घेतात, म्हणजे भाकरी मऊ राहते. थंडीत बाजरी चवीला बरी, पण ती दुपारपर्यंत कडक होते, आणि आजच्या बारांपैकी पाच जणांना दात नाहीत. पहिल्या सात-आठ भाकरी तव्यावरून उतरल्या की लगेच पातेल्यात कुस्करून वर गरम वरण ओततात. झाकण ठेवून देतात. पंगत बसेपर्यंत काला तयार होतो.

एकीला साखरेचा आजार आहे. तिच्यासाठी शिऱ्याऐवजी भाजी जास्त. एका आबांना मीठ कमी. त्यांचं वरण वाटीत आधीच काढून ठेवलंय, बाकीच्यात नंतर मीठ. कुठं लिहिलेलं नाही. अंगणवाडीत कुठल्या पोराला काय चालत नाही हे जसं पाठ असायचं, तसंच.

ठेचा पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीचा. तिथला मिरचीचा बाजार सगळ्या मुलखाला माहीत आहे. दात नसलेल्यांना ठेचा मात्र लागतोच. बोटानं चाखायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचं.

सकाळी ७.४५

आता गावातली फेरी. काल सांगून झालंय, तरी आज परत सांगायचं. एक तर विसरतात, नाही तर रुसतात.

हे सुरू कसं झालं ते मावशी चालता चालता सांगतात. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना. आसपास बघितलं तर घराघरात एकेक म्हातारं माणूस. पोरं कुणाची वाळूजला कंपनीत, कुणाची पुण्याकडं चाकणला. ज्यांची पोरं गावातच आहेत ती कापूस वेचणीला सकाळी जातात ती अंधार पडता येतात. मावशींनी आठ-दहा घरी निरोप दिला, ‘चहाला या, चार गोष्टी बोलू.’ कुणीच आलं नाही.

‘‘चहाला कावून जायचं? माह्या घरी चहा न्हाई का?’’ ही एकीची तऱ्हा. दुसरीचं म्हणणं, लोक म्हणतील, सून जेवू घालत नाही म्हणून हिंडती.

मग त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. एकट्या बाया एकादशी नीट करतात. भगर, शेंगदाण्याची आमटी, नाही तर नुसता चहा. पण दुसऱ्या दिवशी बारस सोडायची म्हणजे वरण-भात, भाजी, भाकरी, काही गोड. एका जिवासाठी एवढं कोण रांधतं? एकीनं तर सांगून टाकलं होतं, तिची एकादशी दोन दिवस चालते. चहा-बिस्कीट, चहा-बिस्कीट.

मावशींनी पुढच्या बारशीला निरोप फिरवला, ‘माझ्याकडं बारस सोडायला चला.’ सात जणी आल्या. बारशीचं बोलावणं कुणी मोडत नाही, आणि ते घेतलं म्हणून कुणी गरीबही ठरत नाही. शुद्ध बारशीला देवळात पंगत असते तिकडं काही जण जातात, म्हणून मावशींनी वद्य बारस धरली. महिन्यातून एकदा. दोनदा परवडत नाही.

तरी प्रत्येकाला कारण वेगळं द्यावं लागतं. जाडजूड चष्म्याचे आबा जेवायला म्हणून येणार नाहीत. त्यांना सांगायचं, पोथी वाचायला माणूस नाही. नाल्यापलीकडच्या खालाला एकादशीचं काही नाही. तिला सांगायचं, कापसातली सरकी काढायला हात कमी पडतात. एका जिजीला तर उलटं. तिला म्हणायचं, ‘तू येऊ नको जिजी, तुला पायऱ्या झेपायच्या न्हाईत.’ ती सगळ्यांच्या आधी तयार.

आज एका घरी नकार मिळाला. दार अर्धंच उघडलं. ‘‘ती येनार हाय ना? मंग मी न्हाई येत.’’ ती म्हणजे शेजारीण. भांडण सांडपाण्याच्या नालीवरून, ते सुरू झालं तेव्हा दोघींचे नवरे जिवंत होते. मावशी काही बोलल्या नाहीत. ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढं झाल्या.

सकाळी ९.१०

किराणा. वही पिशवीतच असते. तूरडाळ एक किलो, कालच नेलेली, १२०. तांदूळ ४५. रवा ४५. गूळ ५५. साखर ४५. चहापत्ती ३०. तेल अर्धा किलो ७५. दूध दोन लिटर ११०. वांगी दोन किलो कालच घेतली, ८०. कोथिंबीर-कांदा ३०. दळण १८. रिक्षाचे २०० धरायचे. बेरीज ८५३.

दुकानदार म्हणतो, मावशी, साखर माझ्याकडून. मावशी म्हणतात, पुढच्या महिन्यात. फुकट घेतलं की तो पंगतीला कोण कोण आहे ते विचारणार, आणि मग दुकानात ती चर्चा होणार. त्यापेक्षा ४५ रुपये दिलेले बरे.

सकाळी १०.००

खरं काम आता. आणायचं.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी. तीन फेऱ्या, फेरीत तीन माणसं. रिक्षावाला ओळखीचा, अंगणवाडीतलाच पोरगा. दीड तास अडकतो, त्याचे २०० काही जास्त नाहीत. दोघंजण चालत येतात.

पहिलं घर. म्हातारी तयार बसलेली, लुगडं ठेवणीतलं. पण उठायच्या आधी शेळी बांधायची. मग शेळीला पाणी. मग कुलूप. किल्ली कुठंय? कनवटीला नाही. देवळीत नाही. उशीखाली सापडली. कुलूप लावलं, ओढून बघितलं. चार पावलं गेली, परत फिरून ओढून बघितलं. चप्पल एकच सापडते, दुसरी कुत्र्यानं नेलेली. मावशी स्वतःची काढून देतात आणि अनवाणी पुढं होतात. दारापासून रिक्षापर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. घड्याळात वीस मिनिटं गेलेली.

रिक्षात चढवणं हेही एक तंत्र आहे. हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. कोपराखाली आधार द्यायचा. आधी पाठ रिक्षाकडं, बूड सीटवर टेकवायचं, मग पाय उचलून आत घ्यायचे. काठी शेवटी. काठी आधी आत गेली की माणूस घाबरतं.

इंग्लंडात हे काम १९६५ पासून चाललंय. ‘कॉन्टॅक्ट द एल्डरली’ नावाची संस्था, आता तिचं नाव ‘री-एंगेज’. एकट्या राहणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या माणसांसाठी महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी चहा. तिथं चहा करणारं घर वेगळं आणि गाडीतून आणणारा वेगळा. यजमानाची पाळी वर्षातून एखाद-दुसऱ्यांदाच येते. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘त्यांच्याकडं गाड्या हायत.’’ थोडं थांबून विचारलं, ‘‘तिथं संडास खाली असतो का वर?’’

प्रश्न थट्टेचा नव्हता. म्हातारी बाई घराबाहेर पडत नाही याचं पहिलं कारण हेच असतं, आणि ते ती कुणाला सांगत नाही. लागली तर कुठं जायचं? म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. मग चक्कर येते. मावशींनी संडासात कमोडची प्लास्टिक खुर्ची ठेवलीय आणि भिंतीला नायलॉनची दोरी गाठी मारून बांधलीय, धरून उठायला. आल्या आल्या प्रत्येकीला आधी तो दरवाजा दाखवतात. मग पाण्याचा तांब्या.

सकाळी ११.४०

पंगत. अकराजण आलेत. गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी चार खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. खुर्चीवर कोण बसणार यावर थोडी ओढाताण. मान खुर्चीला की सतरंजीला, ते अजून ठरलेलं नाही. आबा पोथीचा अध्याय वाचतात, निम्म्या जणींना ऐकू येत नाही, पण कुणी मध्ये बोलत नाही. मग ‘पुंडलिक वरदा’. मग वाढप.

खाला रांगेच्या मध्ये बसलीय. पहिल्या वेळी एकीनं आपलं पान जरा सरकवून घेतलं होतं. मावशींनी ते बघितलं. पुढच्या बारशीला खालाला मुद्दाम तिच्याच शेजारी बसवलं. दोघींना दात नाहीत, काला एकाच पातेल्यातला. आता ती खालाच्या ताटात स्वतःच्या हातानं ठेचा घालते आणि म्हणते, ‘‘थोडाच, न्हाई तर रात्री वरडशील.’’

जेवायला पाऊण तास लागतो. मी दहा मिनिटांत उठलो तर एका जिजीनं विचारलं, ‘‘पोटात दुखतंय का?’’

दुपारी १.००

भांडी बाजूला. आता कापूस मधे येतो. भावाच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा, पांढरा. खाला आणि अजून दोघी सरकी काढतात. बाकीच्या वाती करतात. फुलवातीला कापसाचा चिमूटभर पेळू, तळ गोल फिरवायचा, वरचं टोक बोटांच्या चिमटीत पिळायचं. बोट कोरडं पडलं की भस्माला लावायचं. या बायांची बोटं वाकडी झालीत, पेरं सुजलीत, सुईत दोरा ओवता येत नाही. पण वात होते. हात डोळ्यांना विचारत नाहीत.

शंभर वातींची पुडी बांधतात. गेल्या महिन्याच्या चाळीस पुड्या राजूरला गेल्या. राजूरचा गणपती याच तालुक्यातला, चतुर्थीला तिथं मोठी गर्दी. पूजेच्या सामानाचा दुकानदार पुडीमागं ६ रुपये देतो. २४० रुपये झाले. ते वहीत जमेला आहेत. ‘आपण फुकट जेवत नाही’ हे सगळ्यांना त्या आकड्यामुळं माहीत असतं. कुणी तरी दर वेळी विचारतंच, या बारीला किती आले?

तोंडं चालू. विषय नेहमीचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. कुणी किती ब्रास फोडली यावर अजून वाद. प्रत्येकीची खडी दर बारशीला थोडी वाढते.

मग चालत आलेले दुसरे आबा बोलतात. ते एरवी गप्प असतात. १९७३ साली इथल्या पांढरीवर खोदकाम झालं. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून केलेलं. शां. भा. देव आणि र. श. गुप्ते यांचं. हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर आहेत. इटलीत पाँपेईला १९३८ साली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती, तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा भोकरदनच्या खोदकामात निघाला. आबा तेव्हा विशीतले. दुष्काळ नुकता सरला होता. त्यांनी तिथं मातीच्या टोपल्या वाहिल्या.

‘‘बाई निघाली म्हणत्यात हस्तिदंताची. आमाला न्हाई दाखवली. आमी निस्ती माती पाह्यली.’’

‘‘तुमाला बाई दाखवली असती तर टोपलं कुणी उचललं असतं?’’ असं शेवटच्या खुर्चीवरून आलं आणि शेड हसलं.

दुपारी २.४०

मोबाइलची वेळ. पिशव्यांतून, कमरेतून, ब्लाउजमधून फोन निघतात. बहुतेक बटणांचे. शेजारची सून एकेक बघते. हा मेसेज बँकेचा. हा जाहिरातीचा. हा पगाराचा.

पगार म्हणजे श्रावणबाळचे १५०० रुपये. पासष्टीच्या पुढं आणि घरचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल तर मिळतात. पैसे खात्यात येतात, पण हातात यायला अंगठा लागतो. खुरपं, कोयता, खडी, कापूस. अंगठ्यावरच्या रेघा झिजून गेल्यात. मशीन ओळखत नाही. एकीनं युक्ती सांगितली, रात्री खोबरेल लावून झोपायचं आणि सकाळी कोमट पाण्यानं धुऊन जायचं. दुसरी म्हणते, खोबरेलानं न्हाई, लिंबानं. सून म्हणते, मधलं बोट लावून बघा. या विषयावर वीस मिनिटं. या वीस मिनिटांत कुणालाही ऐकायला कमी आलं नाही.

वातीवाल्या एका बाईचा फोन वाजतो. लेक, चाकणहून. ‘जेवली का?’ ‘जेवले.’ ‘काय करू राह्यली?’ ती फोन कानापासून लांब धरते, म्हणजे मागची बडबड त्याला ऐकू जावी. ‘‘मला टाइम न्हाई आता, माणसं हायत,’’ म्हणते आणि ठेवून देते. मग इकडंतिकडं बघते, कुणी ऐकलं की नाही.

दुपारी ३.४५

चहा. दूध जास्त, आलं ठेचून. दोन लिटर दूध संपतं.

मातीच्या टोपल्यांचे आबा चहा पिऊन उठतात. रिक्षा नको म्हणतात. त्यांना बसस्टँडवर जायचंय. कुठं गावाला? कुठंच नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हापासून ते आठवड्यातून दोन-तीनदा राजूरवरून जालन्याला जातात. स्टँडवर चहा पितात आणि त्याच गाडीनं परत येतात. आधार कार्ड दाखवायचं, वाहक शून्याचं तिकीट फाडतो. शेजारी कुणी तरी बसतं, कापसाचा भाव विचारतं. तिकिटं त्यांनी ठेवलीत, रबर लावून. खिशातून काढून दाखवली.

सरकारनं ही सवलत प्रवासासाठी दिली. आबांनी ती बसण्यासाठी घेतली. मावशींची महिन्यातून एक बारस, त्यांची दोन-तीन आठवड्याला. हिशेबानं बघितलं तर या तालुक्यातली म्हाताऱ्यांची सगळ्यात मोठी बैठक एसटीतच भरते, फक्त तिला कुणी बैठक म्हणत नाही.

बाकीच्यांच्या परतीच्या फेऱ्या. सकाळपेक्षा लवकर आटपतात. जाताना चहाच्या डब्यात नोट टाकायची पद्धत पडलीय. मावशी तिकडं बघत नाहीत. कुणी टाकली, कुणी नाही, हे कळू नये म्हणून डबा दाराच्या मागं. नऊ नोटा, दहाच्या. एक नोट इतकी मळकी की तिची घडी उलगडताना फाटायला आली.

संध्याकाळी ५.२०

भांडी. मोठं पातेलं राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दोन टिपं राखून ठेवली होती. एक संपलं. शेजारची सून विसळते, मावशी घासतात. त्यांचेही गुडघे दुखतात. त्या लाकडी पाटावर बसतात आणि उठताना त्याच नायलॉनच्या दोरीला धरायला जातात, पण ती आत संडासात आहे. मग भिंत धरतात.

हिशेब. खर्च ८५३. वातींचे २४०. डब्यातले ९०. पदरचे ५२३. एका खोलीत कॉलेजातली दोन पोरं भाड्यानं राहतात, त्यांचे महिन्याला १५०० येतात. त्यातून हे जातं. दरमहा पेन्शन नाही. सून म्हणते, मावशी, तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडं विचारा, ते मदत करतील. मावशी मान हलवतात. संघातली माणसं पगाराची, मास्तर, तलाठी, बँकेतली. वर्गणी भरणारी. ‘‘चांगली हायत, पण त्यांच्या सभेला आपली जिजी जाऊन बसंल का? खुर्चीच्या कडेला बसंल आन भाषण संपायची वाट पाहील.’’

वहीच्या मागच्या पानावर नावं आहेत. काहींवर रेघ मारलेली. खाली नवीन दोन घातलीत, पुढच्या वेळसाठी. एक सरकारी दवाखान्यामागं राहतो, बायको गेल्यापासून बोलत नाही म्हणतात. त्याला काय कारण सांगायचं ते अजून ठरायचंय. तो सुतार होता. मावशींच्या खुर्चीचा एक पाय हलतोय. तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय.

संध्याकाळी ६.५०

अंधार. स्टीलचा तीनताळी डबा. वरण, भाजी, शिरा. भाकरी कापडात. सकाळी जिनं अर्धंच दार उघडलं होतं तिच्याकडं.

आता दार पूर्ण उघडं. म्हातारी ओट्यावर बसलेली, जशी काही सहजच बसलीय. डबा घेते, झाकण उचलून वास घेते.

‘‘ती आली व्हती का?’’

‘‘आली व्हती.’’

‘‘माह्याबद्दल काय बोलली?’’

‘‘बारशीला येऊन आईक.’’

‘‘मी न्हाई येनार.’’ डबा मांडीवर. ‘‘कधी हाय पुढची?’’

‘‘षट्तिलेच्या दुसऱ्या दिशी. डबा घासून ठेव, सकाळी न्यायला येते.’’